पान एकशे बारा

गृहबोधाच्या पोथीत एकशे बाराव्या पानावर एक भोक आहे. तळहाताएवढं. कडा नक्षीदार, कुणी हौसेनं कातरल्यासारख्या. वाळवी खाते ती अशीच खाते. पोथी साडेतीनशे वर्षांची, जगात एकुलती एक. कर्त्याचं नाव असलेलं शेवटचं पानही वाळवीनंच नेलेलं, त्यामुळे तो कोण होता हे कुणालाच माहीत नाही.

पण आमच्या राजापूर भागात गृहबोध घरोघरी वाचला जातो. घर कसं असावं, अंगणात काय लावावं, सुनेशी कसं बोलावं, उरलेल्या अन्नाचं काय करावं, असं सगळं त्यात ओव्यांतून सांगितलेलं आहे. माझी आई रोज सकाळी अंघोळ झाली की अर्धा तास वाचायची. तिची प्रत जुन्या छापखान्यातली होती आणि भोकाच्या जागी छापणाऱ्यानं टिंबं टाकली होती. आई तिथे पोचली की डोळे मिटून म्हणायची, "नारायण, नारायण, नारायण." मग पुढची ओवी.

"टिंबं सोडून का देत नाहीस?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"अर्धी ओवी सोडू नये. जिथं शब्द नाही तिथं नाव घ्यावं."

गॅसवर दूध उतू जात असलं तरी ती हातातली ओवी संपल्याशिवाय उठायची नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ निनाद, आम्ही दूध सांभाळत वाढलो.

पुढे मी पोथी केंद्रात कामाला लागले आणि तेच पान माझ्या टेबलावर आलं. आमचं काम दोन भागांत असतं. पहिल्या भागात पानावर सोळा वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश टाकतात. जुन्या शाईत लोखंड असतं. ती पुसट झाली तरी त्यातल्या एखाद्या प्रकाशात अक्षर गडद होऊन वर येतं. पाण्यानं धुतलेली, धुरानं काळवंडलेली, एकमेकांना चिकटलेली पानंसुद्धा अशी वाचता येतात. मात्र त्यासाठी कागद असावा लागतो. जिथे कागदच नाही तिथे कुठलाच प्रकाश काही दाखवत नाही.

तिथून दुसरा भाग सुरू होतो, पूरक यंत्राचा. पूरकला आम्ही जुन्या मराठीतल्या लाखो ओव्या वाचायला दिल्या होत्या. आपलं माणूस बोलता बोलता थांबलं तर त्याचा पुढचा शब्द काय असेल हे आपल्याला कळतं ना, तसंच ते करतं. मागचं-पुढचं बघून मधलं काय असेल याचा अंदाज बांधतं, आणि त्या अंदाजावर स्वतःचा किती भरवसा आहे तेही शंभरातल्या आकड्यात सांगतं. जुन्या ओव्या कमी पडायला लागल्या तेव्हा मीच त्यात अलीकडची कीर्तनं घातली, प्रवचनं घातली, भाषणं घातली. शब्दसंग्रह वाढेल म्हणून. केंद्राच्या प्रमुख सरांनी शाबासकी दिली होती.

पान एकशे बारावर सुरुवातीची तीन अक्षरं शिल्लक होती, 'जेथ न'. शेवट पूर्ण होता, 'तो गृहाबाहेरी जाणावा'. मधलं सगळं वाळवीच्या पोटात. पूरकनं दोन पर्याय दिले. पहिला असा:

जेथ नर तेथ नारी । ऐसी गृहाची उभारी ।
विपरीत जोडी जो धरी । तो गृहाबाहेरी जाणावा ॥

भरवसा एक्केचाळीस. आणि दुसरा:

जेथ नये अतिथी दारीं । तृषार्त परते माघारी ।
ऐसें कृपण मन जो धरी । तो गृहाबाहेरी जाणावा ॥

भरवसा अडतीस.

मी पहिला निवडला. तीन आकडे जास्त होते म्हणून, आणि खरं सांगायचं तर तो कानाला जास्त गोड लागला म्हणून. मोठ्यानं म्हणून बघितला आणि स्वतःशीच 'वा' म्हटलं. घरी निनादला फोन करून ऐकवलाही. निनाद रत्नागिरीत गुरांचा डॉक्टर आहे आणि विश्वजितबरोबर राहतो. तेव्हा दोघांना एकत्र राहायला लागून पाच वर्षं झाली होती. तो इतका हसला, इतका हसला.

"ताई, विपरीत जोडी! अगं, म्हणजे आम्ही तेव्हाही होतो की! विशू, ये इकडे, साडेतीनशे वर्षांपूर्वी आपली तक्रार केली होती बघ कुणीतरी!"

"निन्या, हे यंत्रानं भरलंय. खरं नाहीये."

"असू दे गं. फ्रेम करून दे मला."

आमच्याकडे भरलेली अक्षरं लाल छापायची शिस्त आहे. काळं ते पोथीतलं, लाल ते आमचं. अभ्यासकांच्या प्रतीत तसंच छापलं. पण मग गावोगावच्या वाचणाऱ्या बायकांची पत्रं यायला लागली. लाल आलं की अडखळायला होतं, म्हणावं की नारायण म्हणावं ते कळत नाही, पारायणात खंड पडतो. अर्धी ओवी सोडू नये हे काही माझ्या एकटीच्या आईला माहीत नव्हतं. म्हणून एकरंगी पारायण प्रत काढायचं ठरलं. खुलासा शेवटच्या पानावर, बारीक टाइपात. त्याला भरणाऱ्या व्यक्तीची, म्हणजे माझी, ना-हरकत लागणार होती.

तो कागद आला त्या दिवशी मी लग्नाच्या रजेवर निघाले होते. विश्वजित मला चुडा भरायला न्यायला आला होता. फाटकात स्कूटर चालूच ठेवून बसलेला, कारण कासारीणबाई बारानंतर थांबणार नव्हत्या. शिपाई धावत कागद घेऊन आला.

"टेकायला काही आहे का?"

"माझी पाठ आहे की," विश्वजित म्हणाला आणि पुढे वाकला.

मी त्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. त्याला गुदगुल्या झाल्या, म्हणून माझ्या आडनावाची शेपटी वाकडी गेली. ती अजून तशीच आहे. पुढे सुनावणीत समितीला दाखवली गेली तेव्हा मी ती ओळखली.

*

कायदा दोन वर्षांनी आला. गृहनोंद कायदा. कुणाला एक घर म्हणायचं आणि कुणाला नाही, ते ठरवणारा. त्याच्या प्रत्येक कलमाला मातृभाषेतल्या धर्मग्रंथाचं एक आधारवचन जोडलेलं असावं असा नियम होता. परक्यांचे कायदे नकोत, आपल्या ग्रंथांतून आलेले हवेत, असं सरकारातले लोक म्हणत होते. आम्हा पोथीवाल्यांना त्या वेळी बरं वाटलं होतं. कुणीतरी शेवटी वाचतंय.

कलम नऊ असं होतं, की दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया मिळून घर होत नाही. त्यांना एका पत्त्यावर राहता येणार नाही. तीन महिन्यांत पत्ते वेगळे करायचे. त्याखाली आधारवचन म्हणून ती चार चरणांची ओवी होती. काळ्या अक्षरांत.

माझी मुलगी तेव्हा महिन्याची होती. कृत्तिका, आमची कित्तू. तिला पाजत मी फोनवर ते वाचलं आणि माझं अंग असं आकसलं की दूधच येईना. ती तोंड काढून माझ्याकडे बघत राहिली, हिला काय झालं म्हणून.

निनाद फोनवर या वेळी हसला नाही. म्हणाला, "ताई, तू सांग ना त्यांना. तुझंच आहे ते."

"सांगते. वचन खोटं ठरलं की कलम पडतं, नियमच आहे तसा. सांगते मी."

"नक्की?"

"अरे, भोक आहे तिथं! भोक दाखवायला काय लागतं?"

*

आधार समितीची सुनावणी रत्नागिरीला होती, मुदतीला अठरा दिवस उरले असताना. माझ्याकडे तीन गोष्टी होत्या. पूरकची जुनी नोंद, एक्केचाळीस आणि अडतीसची. सोळा प्रकाशांतले फोटो. आणि माझा ट्रेसिंग कागद. पान दुरुस्त करण्याआधी आम्ही भोकाची कड ट्रेसिंग कागदावर गिरवून तेवढा आकार कापून काढतो, म्हणजे ठिगळ नेमकं बसतं. एकशे बाराचा तो कापलेला कागद मी पोथी नव्हे म्हणून घरी आणू शकले होते.

निनाद बाहेर व्हरांड्यात कित्तूला खांद्यावर टाकून फेऱ्या मारत होता. विश्वजित दुपट्याची पिशवी धरून त्याच्या मागोमाग. समितीच्या शिपायानं त्याला विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?" तर तो म्हणाला, "मी पिशवीवाला."

समितीचे अध्यक्ष श्रीधरबुवा कोतवडेकर. पांढरं धोतर, मऊ आवाज. मी रागानं तयार होऊन गेले होते, पण त्यांनी आधी विचारलं, "बाळंतीण आहात ना? पंख्याखाली बसा. पाणी घेतलंत?"

मी सगळं सांगितलं. मघाशी इथे सांगितलं त्यापेक्षा नीट. कागद उचलून धरला आणि त्या भोकातून मला बुवांचा चेहरा दिसत होता.

"इथे काही नाहीये, बुवा. ही ओवी माझ्या यंत्राची आहे. आणि यंत्राला ती कुठून सुचली, तर मीच त्याला आजची भाषणं वाचायला दिली होती, त्यातून. पोथीकर्त्याला 'विपरीत जोडी' हे शब्द माहीत होते की नव्हते, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही."

बुवांनी खरंच लक्ष देऊन ऐकलं. मग समितीच्या तंत्रज्ञ बर्वेबाईंकडे वळले. "यंत्राचं म्हणणं यंत्रालाच विचारू. आत्ताचं पूरक काय म्हणतं?"

मला वाटलं, बरंच झालं. आकडा एक्केचाळीसच्या आसपास येईल, चाळीस भरवशावर कोण कायदा करेल? बर्वेबाईंनी पान एकशे बारा दिलं. 'जेथ न' आणि शेवटचा चरण. पूरकनं या वेळी एकच पर्याय दिला. तीच ओवी. भरवसा नव्याण्णव.

सभागृहात कुणीतरी हलकेच "नारायण" म्हटलं.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. पूरक दर वर्षी नव्यानं वाचतं. या दोन वर्षांत ती ओवी पारायण प्रतीत होती, शाळेच्या पुस्तकात होती, कीर्तनात होती, कायद्यात होती, कायद्याच्या बाजूनं लिहिलेल्यांत होती आणि विरुद्ध लिहिलेल्यांतही. हजारो ठिकाणी. 'जेथ न' म्हटल्यावर पुढे दुसरं काही येऊ शकतं हे आता त्याला माहीतच नव्हतं.

"ते स्वतःचंच ऐकतंय, बुवा. त्यानंच म्हटलेलं आपण म्हणतोय आणि आपण म्हणतोय म्हणून ते खरं म्हणतंय. बर्वेबाई, तुम्हाला तरी समजतंय ना?"

बर्वेबाईंनी मान खाली घातली. "मला समजतं, मॅडम. पण नियमात लिहिलंय, ताजी आवृत्ती ग्राह्य."

"जुनी नोंद आहे ना माझ्याकडे!"

"ती कालबाह्य आहे."

बुवांनी कागद हातात घेतला आणि परत माझ्यापुढे ठेवला. "बाळ, तुमची तळमळ खरी आहे," ते म्हणाले. "पण ग्रंथ म्हणजे का नुसता कागद? दोन लाख घरांत पहाटे उठून जो म्हणतात तो ग्रंथ. वाळवीनं खाल्लं तीही नारायणाचीच इच्छा आणि यंत्राकडून भरून घेतलं तीही त्याचीच."

"मग दुसऱ्या पर्यायात त्याची इच्छा का नव्हती? पाहुण्याला पाणी द्या म्हणणाऱ्या? अडतीस होता त्याचा भरवसा."

बुवा उत्तर देताना अजिबात चिडले नाहीत, उलट त्यांचा आवाज आणखी मऊ झाला.

"ती ओवी तुम्ही निवडली नाहीत, बाळ."

कलम नऊ तसंच राहिलं. मी बाहेर आले. निनादनं माझ्या तोंडाकडे बघितलं. कित्तू त्याच्या शर्टाचं बटण चोखत होती.

*

मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात. आईच्या मनात सातवा होता, ऊन कमी होईल, सगळे जमतील. पण पहिला घास मामानं भरवायचा असतो आणि मामा सातव्या महिन्यात इथे नसणार होता. विश्वजितचे वडील गडहिंग्लजला अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे निनादबरोबर परदेशी जाणं त्याला जमेना. निनादनं नैरोबीला गुरांच्या दवाखान्यात नोकरी धरली.

"इतक्या लांब कशाला रे?" मी म्हटलं. "कोल्हापूरला बघ ना. पत्ते वेगळे, पण रविवारी तरी..."

"रविवारी काय, ताई? भेटून परत आपापल्या पत्त्यावर? आणि शेजारी मोजणार, किती वेळ थांबला. गडहिंग्लजची पाटी लावलेली बस रोज समोरून जाताना बघण्यापेक्षा लांब बरं."

म्हणून पाचव्या महिन्यात, मुदतीला दोन दिवस राहिले असताना, राजापूरला आईच्या घरी उष्टावण झालं. सकाळची वेळ. माझा नवरा सलील खीर ढवळत होता. विश्वजितनं केळीची पानं आणली, पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. आमच्या घरात रांगोळी त्याच्याइतकी कुणाला येत नाही. मग हात धुऊन भिंतीकडेला जाऊन बसला, दाराजवळ, चपला असतात तिथे.

"तिथं काय बसलास परक्यासारखा?" आई म्हणाली. "इकडे ये."

"बरंय इथं, आई. वारा लागतो."

आईला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. भोक, यंत्र, माझी सही, सगळं. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू म्हणतेस ते खरंच असणार गं. तू कशाला खोटं बोलशील? पण दोन वर्षं रोज म्हटलंय मी ते. देवापुढे बसून. माझ्या पोराबद्दल आहे हे कळायच्या आधीपासून म्हटलंय. आता तोंडातून गेलेलं परत कसं घेऊ?" आणि पदरानं डोळे न पुसता तशीच भाजी निवडत राहिली.

आमच्याकडे शुभकार्याआधी घरातलं वडीलधारं माणूस गृहबोधाचं एक प्रकरण म्हणतं. आई पोथी न उघडता म्हणते, तिला पाठ आहे. कित्तू निनादच्या मांडीवर बसली होती, काजळ लावलेली, हातातल्या बांगडीकडे डोळे तिरळे करून बघत. निनादच्या करंगळीतली सोन्याची अंगठी खिरीत बुडवायला काढून ठेवली होती. आईनं प्रकरण निवडलं ते मंगल म्हणून नेहमीचंच, घराचं. तिच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. अंगण झालं, तुळस झाली, चूल झाली, आणि आईचा आवाज त्याच लयीत पुढे गेला.

"जेथ न..."

आणि थांबली.

तिनं डोळे उघडले. समोर निनाद, त्याच्या मांडीवर कित्तू, दाराशी विश्वजित. सलीलचा डाव पातेल्यात उभा. त्या थांबण्यात पोथीच्या पान एकशे बारावर जे आहे तेच होतं, म्हणजे काहीच नव्हतं, आणि मला वाटलं, हे असंच राहू दे, एवढंच राहू दे.

आईचे ओठ हलले. मी लहानपणापासून तो आकार ओळखते. ती 'नारायण' म्हणायचा प्रयत्न करत होती. एकदा केला. पुन्हा केला. पन्नास वर्षांची सवय होती तिला त्या जागी ते नाव घेण्याची. पण जीभ तिकडे वळेना. मधली दोन वर्षं मध्ये येत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, लहान मुलगी वर्गात कविता विसरल्यावर बघते तसं.

तोंडात काहीच पडत नाही म्हणून कित्तूचा रडका सूर लागायला लागला होता.

"म्हणा आई," विश्वजित दारातून म्हणाला. हळू, समजूत घातल्यासारखा. "मुलीचं कार्य आहे. अर्धी ओवी सोडू नये."

आईनं डोळे मिटले आणि ती पुरी केली. एकही शब्द चुकला नाही.

मग निनादनं अंगठी खिरीत बुडवून भाचीच्या ओठांना लावली. तिनं आधी तोंड वाकडं केलं, मग चव कळली तशी जीभ बाहेर काढली आणि आणखी मागायला दोन्ही हात पुढे केले, मामाकडे, आणि मामाच्या खांद्यावरून मागे, दाराकडे.